सोलांजबाईचा जबाब

तुमाले खोटं वाटन, पन फ्रान्स देशाची एक मंत्रीबाई आमच्या आखरावर, म्हनजे गावच्या मोकळ्या मैदानात, उभी राहून जे बोलली ना, ते आठवलं का अजून माह्या अंगावर काटा येते. अन् मी काही साधासुधा भिवनारा मानूस नाई. मी हिरालाल, खडी गंमतीतला नाच्या. मिसरूड फुटाच्या आधीपासून लुगडं नेसून हजारो लोकांपुढं नाचून राह्यलो. माह्या कमरेची तारीफ करडीपासून साकोलीपर्यंत होते. आता त्या कमरेत वंगन कमी झालं, ते सोडा.

आमच्याकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते. धान कापून होते, लेकी माहेरी येते, आखरावर जलेबीची अन् सिंगाड्याची दुकानं लागते, अन् भर दुपारी आमची गंमत उभी राह्यते. एक ढोलकीवाला, एक शाहीर, बाईच्या वेशात मी, अन् सोंगाड्या म्हनून चिंधू. हा चिंधू तोंडाचा फाटका, मनाचा साफ, अन् सारी अक्कल मोबाईलमधी ठेवून फिरनारा.

आमच्या गावच्या गंमतीची एक रीत हाये. वर्षभरात ज्यानं जे केलं ते आमी सोंगात दाखवतो, अन् कोनाले सोडत नाई. सरपंच असो का पाहुना असो. पाहुन्याले तं मुळीच नाई. त्याची टिंगल केली नाई तं त्याले वाटन ना, का यायनं आपल्याले आपलं मानलंच नाई! अन् ज्याचं सोंग निघालं त्याले उठून रिंगनात येता येते. सार्‍या गावापुढं खरं सांगाचं. याले आमी जबाब म्हनतो. जबाब खरा वाटला तं ज्याचं नुकसान झालं तो मानूस नव्या धानाची मूठ त्याच्या पदरात नाईतं दुपट्ट्यात टाकते अन् म्हनते, "फिटलं." बस. त्याच्यानंतर तो विषय गावात कोनी काढाचा नाई. काढला तं आमची चंद्रभागाबाई, गावातली सार्‍यात जुनी बुढी, भर चौकात कान पिळते, मंग तुमी केवढेही असा.

कवडूनं एका साली तलावाचं पानी चोरून आपल्या बांधीत, म्हनजे धानाच्या वावरात, वळवलं होतं अन् त्याच्या चुलतभावाचं, इश्वरचं धान वाळलं होतं. आमी सोंग काढलं, कवडू रडत रिंगनात आला, इश्वरनं मूठ टाकली. आज दोघं एका ताटात जेवते.

तं अशा गावात मांगच्या साली माही भाची रुचिका फ्रान्सची पाहुनी घेऊन आली.

रुचिका म्हनजे माह्या बहिनीची पोरगी. तलावाच्या अन् पान्याच्या शास्त्रात शिकाले तिकडं गेली. गेली तेव्हा तिले तिथं कोनी नव्हतं. थंडीत खोली भेटेना, भाषा येईना, पोरगी रडून राह्यली फोनवर. तवा या बाईनं तिले आपल्या घरात ठेवून घेतलं. सोलांज तिचं नाव. आमी सोलांजबाई म्हनतो. रुचिकाच्या तापात हिनं रात्र रात्र उशाशी बसून काढली, हे पोरीनं सांगितलं तवा माही बहीन फोनच्याच पाया पडली.

बाई कशी? सत्तरी पार केलेली, पन ताठ. उंच एवढी का आमच्या दारातून वाकूनच आत यावं लागे. पांढरे केस कानापर्यंत कापलेले. आल्याच्या दुसर्‍या दिवशी तिले अर्ध्या गावाची नावं पाठ! मी पानठेल्यावर उभा, ही मांगून येऊन म्हनते, "हिरालाल-जी, नमस्कार." बाप रे! आमच्या आमदाराले पाच वर्सं झाले तरी माहं नाव येत नाई. चंद्रभागाबाईले तिनं रुचिकाच्या मार्फत पहिला सवाल कोनता पुसला म्हाइत हाये? "तलावात पानी कमी असलं तं पहिले कोनाच्या बांधीले सोडायचं, हे ठरवते कोन?" चंद्रभागाबाई मले म्हने, "हिर्‍या, ही बाई राज्य करून आलेली हाये रे. हिची नजर पाय."

होतीच तशी. तिचा बाप नदीवर नाव हाकलनारा. ही सव्विसाव्या वर्षी आपल्या गावची सरपंच झाली, तिकडं मेयर म्हनते. मंग खासदार. विरोधात होती तवा गढूळ पान्याची बादली घेऊन भर संसदेत गेली अन् पंतप्रधानाच्या पुढ्यात ठेवून म्हने, "माह्या गावची लेकरं हे पेते. तुमी एक घोट घ्या." त्या बादलीनं तिले मंत्री केलं, पान्याच्या खात्याची. पुढं तिचंच नाव पंतप्रधान म्हनून घेऊन राह्यले होते. हे सारं रुचिकानं सांगितलं अन् मी तोंड उघडं टाकून ऐकत राह्यलो. एका नाव हाकलनार्‍याची पोरगी!

मी म्हटलं, "रुचे, यंदा मंडईत सोलांजबाईचंच सोंग काढू. मी बाई होतो."

पोरगी खूश झाली. मंग एकदम तिचा चेहरा उतरला. म्हने, "मामा, सारं करा. गाडी, कुत्रा, पक्ष बदलला ते, सारं करा, ती हासन. पन पुराचं काढू नका. हात जोडते."

"कोनता पूर?"

"ती मंत्री असताना पुरात धरनाचे दरवाजे उघडले गेले. शहर वाचलं, खालचं गाव बुडालं. तीन मानसं गेली. हुकूम कोनाचा, यावर खूप वाद झाला, चौकशी झाली. ती सुटली, पन धरनावरचा इंजिनियर नोकरीतून गेला. तिनं राजकारन सोडलं. त्याच्यानंतर त्या विषयावर ती एक शब्द बोलत नाई. सख्ख्या पोरानं एकदा जेवताना पुसलं, तं त्याच्याशी बोलनं बंद केलं, आजवर बंद हाये. मामा, मी तिच्या घरात लेकीसारखी राह्यतो. तिथं मले तिच्याबिगर कोनी नाई. तुमी तो विषय काढला तं ती उठून जाईन, अन् मी तिले कायमची गमावन."

पोरीच्या डोळ्यात पानी. मी म्हटलं, "बाई, तुह्या मामाच्या तोंडून पुराचा प सुद्धा निघनार नाई."

चिंधूले सांगितलं तं तो भडकला. म्हने, "काहून? कवडूले सोडलं नाई, मले सोडलं नाई, माह्या बायकोनं मले झाडूनं मारलं ते तू तीन साल दाखवलं! अन् गोरी बाई आली तं सूट? हे बेइमानी हाये हिरा." मोबाईलवर त्यानं सारे वाद हुडकून काढले होते, पुराचं सोंगही मनात बसवलं होतं. मी त्याले सरळ दम देल्ला, का तो विषय काढशील तं ढोलकी तुह्या डोक्यावर फोडतो. तो तोंड फुगवून गेला.

मंडईच्या दिवशी आखर फुल्ल. मी रुचिकाचा कोट लुगड्यावर घातला, केसाले तांदळाचं पीठ चोपडलं, अन् टाचा उंच करून चालत रिंगनात आलो. सोलांजबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर, बाजूले रुचिका कानात सांगून राह्यलेली. मले पाह्यलं अन् बाई जे हासली! खुर्ची डगडग हालली.

चिंधू डिरायवर झाला. मी म्हटलं, "डिरायवर, माह्या कुत्र्याले पडसं झालं. सरकारी गाडी काढ, दवाखान्यात ने."

"मॅडम, सरकारी गाडीत कुत्रा?"

"काहून? आजवर काय वाघ बसून राह्यले होते का?"

आखर हासून लोटपोट. हा वाद खरा होता, तिकडच्या पेपरात महिनाभर चालला म्हने. मंग पक्षाचं. चिंधू ओरडला, "मॅडमनं दोनदा पक्ष बदलला हो!" तं मांगून एक बुढा ओरडला, "दोनदाच? मंग तं सती-सावित्री हाये!" रुचिकानं ते सांगितलं तवा सोलांजबाईनं डोळे पुसले, हासून हासून. मंग मी बादली घेऊन आलो अन् पंतप्रधान झालेल्या ढोलकीवाल्यापुढं ठेवली. तिथं मात्र बायकांनी टाळ्या वाजवल्या, हासल्या नाई. मलेही वेशात असून छाती भरून आल्यासारखं झालं.

अन् तेवढ्यात चिंधू बदलला. हात वर करून सुरू झाला, "अन् मंग एका साली आभाळ फाटलं, नदी..."

मी त्याचं बोलनंच तोडलं. ढोलकीवाल्याले डोळा मारला अन् गिरकी घेऊन लावनी सुरू केली. चिंधूच्या पायावर टाचही देल्ली जोरात. लोकं टाळ्या वाजवाले लागली. मी घामानं न्हाऊन नाचून राह्यलो अन् मनात म्हनतो, वाचलो रे बाबा.

नाच संपला. मी वाकून सलाम केला. पाह्यतो तं सोलांजबाई हासत नव्हती. तिनं रुचिकाले काहीतरी पुसलं. रुचिकानं मान हालवली, हाव, संपलं. बाईनं चिंधूकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. राजकारनात जिंदगी गेलेली बाई, तिले कोनतं वाक्य अर्ध्यात तुटलं ते कळत नसन का? ती उठली.

रुचिकाचा चेहरा पांढराफटक. आता बाई जाते, पोरीचं सारं बुडालं, अन् त्या चिंध्याचा मी मुडदा पाडतो, एवढंच मले सुचून राह्यलं होतं.

पन बाई बाहेर गेली नाई. चपला काढून ठेवल्या अन् रिंगनात आली.

बाई बोलली, रुचिका सांगाले लागली. "ती म्हनते, या गावची रीत तिले म्हाइत हाये. मीच सांगितली होती. ती म्हनते, तुमी एक गोष्ट गाळली. पाहुनी म्हनून गाळली असन तं मले पाहुनी मानू नका."

मंग माह्याकडं बोट करून म्हने, "मी माहं सोंग स्वतः करतो. हिरालाल-जी, तुमी इंजिनियर व्हा. त्याचं नाव रेमों. फोन उचला."

आता मी काय करू? केसातलं पीठ झटकलं, कोट काढला, अन् मुठीचा फोन करून कानाले लावला. बाईनंही तसाच लावला. अन् खरं सांगतो, ती बुढी एकदम बदलली. खांदे मांगं गेले, मान वर, आवाज असा का मांगच्या झाडावरचे बगळे उडाले. एकच शब्द, "उव्रे!"

"उघडा," रुचिका म्हनाली.

मी वैनगंगेच्या काठचा मानूस. पूर आमाले कोनी शिकवावं लागत नाई. दरवाजे उघडले का खाली काय होते ते आमच्या लेकराले म्हाइत हाये. माह्या तोंडून आपोआप निघालं, "मॅडम, खाली गाव हाये. पहिले लोकाइले उठवू द्या."

रुचिकानं ते सांगितलं अन् सोलांजबाईचा हात कानावरून खाली आला. तोंडावर हात ठेवून ती तशीच उभी. मंग हळू काही बोलली. रुचिका रडत सांगत होती, "ती म्हनते... हेच. रेमों हेच बोलला होता. अस्सेच शब्द."

कुठचा तो रेमों अन् कुठचा मी!

मंग बाईनं जबाब देल्ला. "मी त्याले म्हटलं, गावाचं मी पाह्यतो, तू उघड. त्यानं उघडलं. मी पहिले शहरात फोन लावले, कारन तिथं मोठे लोकं होते, मतं होती. गावाले फोन करेपर्यंत पानी घरात शिरलं होतं. दुसर्‍या दिवशी टीव्हीवर मी सांगितलं, का मी हुकूम देल्लाच नव्हता, त्यानं आपल्या मनानं उघडलं. रेमों ओरडून ओरडून खरं सांगत राह्यला. त्याचं कोनी मानलं नाई. त्याच्याजवळ फक्त त्याचा शब्द होता, अन् माह्याजवळ सारा देश होता. मले वाटलं, मी पुढं पंतप्रधान होईन, लाखो लोकाइचं भलं करन, एका मानसाची नोकरी गेली तं काय झालं. मंग त्या खुर्चीपर्यंत मले जाताच आलं नाई. कचेरीच्या जिन्यावर पाय ठेवला का त्याचा आवाज ऐकू ये."

एवढं बोलून ती थांबली. ना रडली, ना हात जोडले. नुसती उभी राह्यली, उघड्या पायानं, आमच्या मातीत. मी मनात म्हटलं, आई गं! एवढी मोठी बाई, जिच्यापुढं फौजा सलाम करत होत्या, तिले कोर्टानं सोडलं, पोलिसानं सोडलं, अन् ही सात समुद्र ओलांडून आमच्यापुढं स्वतःले धरून देते! मी जिंदगीभर सोंगं घेतली, पन सोंग असं सालीसकट उतरवताना कोनाले पाह्यलं नाई.

लोकाइले गहिवरून आलं. "धान आना!" कोनीतरी ओरडलं. "फिटलं म्हना, फिटलं!" चिंधू स्वतः धावत जाऊन सुपात नवं धान घेऊन आला, साला नाक ओढून राह्यलेला. चंद्रभागाबाई काठी टेकत उठली. तिनं मूठ भरली. सोलांजबाईनं गळ्यातला रुमाल दोन्ही हातानं पुढं धरला. तिले ती मूठ पाह्यजे होती, हे आंधळ्यालेही दिसलं असतं.

अन् चंद्रभागाबाईनं मूठ उघडली नाई.

"माह्या हातानं कसं फिटन हे?" ती म्हनाली. "माहं घर बुडालं का? माहं नाव खराब झालं का? आमी कोन गा फिटलं म्हननारे? तो रेमों कुठं हाये?"

मी म्हटलं, "आजी, अवं पाहुनी हाये, एवढ्या दुरून आली..."

"तू चूप राय. तुह्या पाहुनीनंच म्हटलं ना, पाहुनी मानू नका?" मंग रुचिकाले म्हने, "पोरी, तिले सांग. जबाब खरा होता. पन दार चुकलं. हे धान मी तिच्या नावानं बांधून ठेवतो. तो मानूस ज्या दिवशी म्हनन, त्या दिवशी गाठ सोडीन."

रुचिकाले सांगवत नव्हतं, तरी तिनं सांगितलं. मले वाटलं आता बाई कोलमडते. बाईनं रुमाल गळ्यात परत बांधला, खाली वाकली अन् चंद्रभागाबाईच्या बंद मुठीवर कपाळ टेकलं. म्हने, "ही बरोबर बोलते. एवढ्या वर्सात मले असं बोलनारं कोनी भेटलं नाई."

मंग तिनं रुचिकाचा हात धरला, तो सारा दिवस सोडला नाई. माह्या जिवात तवा कुठं जीव आला.

बाई परत गेली. रुचिका फोनवर सांगे अन् मी चंद्रभागाबाईच्या ओसरीवर जाऊन सांगो. घरच्या आड्याले धानाची पुरचुंडी टांगलेली, तिच्याखाली बसून बुढी ऐके. पहिले बाईनं टीव्हीवर जाऊन सारं खरं सांगितलं. मंग काय, तिकडं आग लागली. पेपरवाले दाराशी, जुने दोस्त फोन उचलेना, तिच्या नावाची शाळा होती, तिथून तिचं नाव काढलं. बाई म्हने, काढा. रेमोंचं नाव मात्र सरकारले धुऊन देनं भाग पडलं. अन् बोलनं बंद होतं तो तिचा पोरगा तिले भेटाले आला, इतक्या वर्सानं.

अन् मंग ती रेमोंच्या दाराशी गेली. त्यानं ऐकून घेतलं अन् दार लावलं. बाई तिथंच उभी राह्यली. बर्‍याच वेळानं दार उघडलं. रेमों एक खुर्ची बाहेर ठेवून आत निघून गेला.

"खुर्ची ठेवली?" चंद्रभागाबाईनं पुसलं.

"हाव."

"मंग काही ना काही होईन," बुढी म्हनाली अन् सुपारी कातरत बसली.

यंदाच्या मंडईआधी सोलांजबाईचा निरोप आला. म्हने, "अजून फिटलं नाई. रीतीप्रमानं यंदाही माहं सोंग निघालं पाह्यजे. पुराचा भाग हिरालाल-जीनं या वेळेस गाळू नये." कोनती बाई असं सांगन हो? कोनता पुढारी असं सांगन?

तं परवा आमी केलं. चिंधू इंजिनियर झाला, मी बाई. दुपारची वेळ, तिकडं सकाळ. मंडईसाठी गावी आलेल्या रुचिकानं फोन उंच धरला होता, त्यावर सोलांजबाई दिसत होती. मी "उव्रे!" म्हटलं, चिंधू म्हने, "मॅडम, खाली गाव हाये," अन् फोनमधून कोनीतरी खोकललं. पाह्यतो तं बाईच्या बाजूले एक टकला बुढा बसलेला. रेमों! तिच्या घरी, तिच्या टेबलाशी, पुढ्यात दोघांचेही कप.

आखर उसळलं. चंद्रभागाबाईनं पुरचुंडी काठीले बांधून आनलीच होती. फोनच्या अगदी पुढं जाऊन तिनं पुसलं, "काय गा बाबू, फिटलं का?"

रुचिकानं पुसलं. बुढ्यानं आमच्याकडं पाह्यलं, त्या गाठीकडं, चिंधूकडं. मंग सोलांजबाईकडं पाह्यलं. तो काहीतरी बोलला, अन् सगळ्यात पहिले सोलांजबाईच हासली, डोळ्यातून पानी वाहत असताना.

"काय म्हनते?" आमी ओरडलो.

रुचिका म्हनाली, "तो म्हनते, अजून नाई. पन गाठ सांभाळून ठेवा, उंदराइले खाऊ देऊ नका."

चंद्रभागाबाईनं पुरचुंडी पदराखाली घेतली अन् मांजर हाये का कोनाच्या घरी, म्हनून बायकाइले पुसत घरी गेली.